डोंगरातली गाडी, सपाटीची वाट

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये आहेस, त्यावर पंधरा मिनिटं बोल." मी विचार केला, या सभागृहातले निम्मे लोक तेच काम करतात आणि उरलेल्या निम्म्यांना जेवणानंतर ते ऐकवणं म्हणजे शिक्षा. म्हणून मी विषय बदलून मागितला. आपल्या ग्रुपवर मी मागे एक फोटो टाकला होता. गॅरेजमध्ये उलगडून ठेवलेली एक गाडी, पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, आणि हात काळे झालेली मी. त्यावर "हे काय नवीन?", "रणगाडा घेतलास का?" अशा बऱ्याच चौकशा झाल्या. त्या सगळ्यांचं उत्तर आज एकदमच देते. समितीने शाळेला काय भेट द्यायची याबद्दलही सूचना मागवल्या आहेत. माझी एक सूचना आहे, ती शेवटी सांगते. तिचा संबंध या गाडीशीच आहे.

या गाडीला स्नोमोबिल म्हणतात. बर्फावरची मोटारसायकल म्हणा. पुढे चाकाऐवजी दोन स्की असतात, त्या हँडलने वळतात. मागे चाकाऐवजी रबरी पट्टा असतो, तो इंजिनाच्या जोरावर फिरतो आणि गाडीला पुढे ढकलतो. कॅनडाच्या क्विबेक प्रांतातल्या वालकूर गावच्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांचं नाव या गाडीशी कायमचं जोडलेलं आहे. त्यांना लहानपणापासूनच बर्फावर चालणारं यंत्र बनवायचा नाद होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद होते, मुलाला दवाखान्यात नेता आलं नाही आणि तो गेला. पुढे १९३७ मध्ये त्यांना पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीचं पेटंट मिळालं. त्या गाड्या डॉक्टर, टपाल आणि शाळेची मुलं नेऊ लागल्या. आज आपण जिला स्नोमोबिल म्हणतो ती एक-दोन माणसांची छोटी 'स्की-डू' १९५९ मध्ये आली. आमच्या मिनेसोटातही १९५० च्या दशकात रोझो या गावी शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमधून पोलारिस ही कंपनी उभी राहिली. थोडक्यात, हे यंत्र गावच्या लोकांनी गावच्या गरजेपोटी बनवलेलं आहे. म्हणूनच मला ते आपलं वाटतं.

आता माझ्या गाडीची गोष्ट. मी बरीच वर्षं कोलोरॅडोत नोकरी केली. तिथे डोंगरातले बर्फाचे उतार नऊ-दहा हजार फुटांवर सुरू होतात, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. तिथे बर्फ भुसभुशीत असतो, कमरेइतका, कधी छातीइतका. त्यासाठी मी डोंगरातली स्नोमोबिल घेतली. नंतर नोकरी बदलली आणि आम्ही मिनेसोटात आलो. इथला सगळ्यात उंच डोंगर ईगल माउंटन, २,३०१ फूट. म्हणजे समुद्रसपाटीपासून ७०१ मीटर. आपल्याकडचा एखादा मध्यम किल्ला याहून उंच असतो.

पण मिनेसोटाचं वैभव वेगळं आहे. इथे स्नोमोबिलसाठी २२,००० मैलांहून जास्त, म्हणजे सुमारे ३५,००० किलोमीटर वाटा आहेत. एकट्या डुलूथपासून ग्रँड मॅरेपर्यंतची नॉर्थ शोअर स्टेट ट्रेल १४६ मैलांची आहे. बहुतेक वाटा गावोगावचे क्लब सांभाळतात. दिवसभर गाड्या गेल्या की वाटेवर उंचवटे आणि खड्डे तयार होतात. रात्री क्लबची माणसं मोठं यंत्र घेऊन निघतात. त्याच्या मागे पात्यांचा लांब सांगाडा ओढलेला असतो. तो उंचवटे तासतो, बर्फ कालवतो आणि दाबत जातो. मग थंडीत काही तास ती वाट घट्ट व्हायला मिळते. सकाळी पाहावं तर रस्त्यासारखी सपाट. हे काम करणारे बरेचसे स्वयंसेवक असतात, आणि अनेक ठिकाणी वाट शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनीतून, त्यांनी दिलेल्या परवानगीवर जाते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अशा वाटेवर मी डोंगरातली गाडी घातली. काय होतं ते समजायला ट्रॅक्टर आठवा. शेतात ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचे उंच दात चिखल धरतात आणि तो कुठूनही निघतो. तोच ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर पळवला तर घरघर होते, चालवणारा हादरतो आणि टायर झिजतात. ट्रॅक्टर वाईट नसतो, तो नांगरटीसाठी बनवलेला असतो.

माझ्या गाडीचा पट्टा १५४ इंच घेराचा होता आणि त्यावरचे रबरी दात अडीच इंच उंच. वाटेवरच्या गाडीचा पट्टा साधारण १२९ किंवा १३७ इंचांचा असतो आणि दात एक ते दीड इंच. माझ्या गाडीच्या दोन स्कींमधलं अंतर ३६ इंच होतं. वाटेवरच्या गाडीत ते ४२-४३ इंच असतं. माझं हँडल उंच होतं, कारण डोंगरात उभं राहून चालवायचं असतं. पुढच्या दोन्ही बाजूंचं सस्पेन्शन एकमेकांशी जोडणारा दांडा, ज्याला स्वे बार म्हणतात, तो माझ्या गाडीत नव्हताच. हे सगळं मुद्दाम केलेलं असतं. डोंगराच्या उतारावर आडवं जाताना गाडी एका बाजूला कलवून, एका स्कीवर न्यावी लागते. ती सहज कलावी म्हणून स्की जवळजवळ, दांडा नाही, बूड अरुंद.

वाटेवर हेच गुण उलटतात. वळण आलं की गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि आतली स्की हवेत उचलली जाते. वळणात थोडा थ्रॉटल दिला की सगळा भार मागे जातो, पुढच्या स्की हलक्या होतात, आणि हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाऊ पाहते. बैलगाडीत मागे भार जास्त झाला की ती उलाळते आणि जू वर उचललं जातं, तसंच. तिसरा त्रास चाकोरीचा. आधीच्या गाड्यांच्या स्कींनी बर्फात खाचा पाडलेल्या असतात. माझी स्की त्यात शिरली की गाडी स्वतःच्या मनाने डावी-उजवी हुंदडते. आणि चौथा त्रास उष्णतेचा, तो नंतर सांगते.

तुम्ही म्हणाल, हळू चालवावं. बरोबर आहे, आणि मिनेसोटात वाटेवर ताशी ५० मैलांची मर्यादाही आहे. पण वर्गातलं सूत्र आठवा. वळणावरचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ३० मैलांऐवजी ४० मैलांनी तेच वळण घेतलं तर जोर सव्वापट होत नाही, जवळजवळ पावणेदोन पट होतो. आणि वाट दोन्ही बाजूंच्या रहदारीची असते, जंगलातून जाते, वळणापलीकडचं दिसत नाही. समोरचा ४० ने येत असेल आणि मी ४० ने जात असेन, तर दोन सेकंदांत आमच्यामधलं सत्तर मीटर अंतर संपतं. त्या दोन सेकंदांत माझी गाडी माझ्या बाजूला राहिली पाहिजे.

आणि आता मी एकटी नसते. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. १९७६ नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटात स्नोमोबिल चालवायला सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. मी त्यानंतरची आणि ती तर फारच नंतरची, म्हणून मायलेकींनी एकत्र अभ्यास करून ते घेतलं. तिची गाडी छोटी, वाटेसाठीच बनवलेली. ती पुढे असते, मी मागे. मला तिच्यावर लक्ष ठेवायचं असतं. स्वतःच्या गाडीशी झटापट करत असताना दुसऱ्यावर लक्ष राहत नाही. म्हणून दोनच मार्ग होते. डोंगरातली गाडी विकून वाटेवरची घ्यायची किंवा हीच सुधारायची. विकायला मन होत नव्हतं. वर्षातून एकदा तरी पश्चिमेकडच्या डोंगरात जायचं आमचं ठरलेलं आहे. म्हणून मी एक अट घातली. जे बदल करायचे ते परत फिरवता आले पाहिजेत. काहीही कापायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायचा.

दुसरा नियम माझ्या धंद्यातला. एका वेळी एकच बदल. प्रोग्रॅममध्ये चार ओळी एकदम बदलल्या आणि चूक गेली, तर कोणत्या ओळीमुळे गेली ते कळत नाही. घराजवळ सहा किलोमीटरचा एक फेरा मी ठरवला. त्यात दोन डावी वळणं, तीन उजवी, एक लांब सरळ पट्टा. प्रत्येक बदलानंतर तोच फेरा, आणि वहीत नोंद. तारीख, तापमान, बर्फ कसा होता, काय बदललं, काय वाटलं. मुलगी मागून येऊन पाहायची, कोणत्या वळणावर आतली स्की उचलली गेली ते सांगायची. चालवणाऱ्याला जे वाटतं आणि मागच्याला जे दिसतं त्यात फरक असतो, हेही वहीत उतरलं.

सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून केली. गाडीबरोबर आलेली पुस्तिका, दोन पाने आणि मोजपट्टी. पट्ट्याच्या आतल्या सस्पेन्शनला पुढच्या बाजूला एक जाड पट्टी असते, तिला लिमिटर स्ट्रॅप म्हणतात. ती सैल असेल तर सस्पेन्शनचा पुढचा भाग खाली उतरतो आणि गाडीचं नाक वर येतं. डोंगरात ते हवंच असतं, गाडी बर्फावर चढते. वाटेसाठी ती एका भोकाने आवळली. नाक खाली आलं, स्कींवर भार आला. मग पट्ट्यातली पुढची स्प्रिंग थोडी सैल केली, स्कींवरच्या शॉकअपच्या स्प्रिंगा थोड्या आवळल्या. मागच्या स्प्रिंगेचा ताण माझ्या वजनाप्रमाणे लावला. त्यासाठी मागचा बंपर वर उचलून सोडायचा, जमिनीपासून उंची मोजायची, मग पूर्ण पोशाख आणि हेल्मेट घालून बसायचं आणि पुन्हा मोजायची. गाडी किती दबली पाहिजे ते पुस्तिकेत दिलेलं असतं. मोजायला दुसरं माणूस लागतं. आमच्याकडे ते काम माझ्या नवऱ्याकडे आहे, आणि "वजन किती धरू?" असं विचारायची त्याला बंदी आहे.

स्कींवर किती भार आला हे पाहायला मी न्हाणीघरातले दोन वजनकाटे वापरले. प्रत्येक स्कीखाली एक काटा, आणि पट्टा तितक्याच उंचीच्या फळ्यांवर. दोन्ही काट्यांवरचे आकडे जवळपास सारखे हवेत, आणि बदलानंतर बेरीज वाढलेली दिसली पाहिजे. अंदाजापेक्षा आकडा बरा. इथे एक इशाराही देते. भार वाढवत गेलं तर हँडल इतकं जड होतं की तासाभरात खांदे भरून येतात. थोडं कमी ठेवून थांबावं.

एवढ्यानेच निम्मं काम झालं. एक पैसा खर्च न होता. आपल्यापैकी कुणी अशी गाडी घेणार नाही, हे मला माहीत आहे. तरी स्कूटर असो, शिवणयंत्र असो, शेतातला पंप असो, नवीन सामान विकत घेण्याआधी असलेलं सामान पुस्तिकेप्रमाणे लावून पाहा.

मग स्की सरळ केल्या. दोन्ही स्की एकमेकींना अगदी समांतर असल्या तर गाडी सरळ रेषेत अस्वस्थ राहते. पुढची टोकं किंचित, म्हणजे जेमतेम सव्वा-तीन मिलिमीटर बाहेर असावी लागतात. स्कींची टोकं ताणाच्या रबरी दोरीने बांधून सांध्यातली ढिलाई काढायची, पट्ट्याच्या कडेला लांब सरळ पट्टी लावायची आणि मोजायचं. हा संध्याकाळभराचा उद्योग आहे, पण चाकोरीचा निम्मा त्रास तिथेच कमी होतो.

त्यानंतर खर्चाचे बदल. स्कीच्या तळाला पोलादी दांडी असते आणि तिच्यात टंगस्टन कार्बाइडची धार बसवलेली असते. तीच कडक बर्फाला धरते. डोंगरातल्या गाडीत ती धार आखूड असते, कारण भुसभुशीत बर्फात तिचा उपयोग नसतो. मी प्रत्येक स्कीखाली एकाऐवजी दोन समांतर धारांचा प्रकार बसवला. एक धार जुन्या खाचेत शिरली तरी दुसरी खाचेबाहेर राहते आणि गाडीला चाकोरीत ओढू देत नाही. पहिल्याच फेऱ्यात मुलगी म्हणाली, "आई, तू आज सरळ चाललीस."

स्कींमधलं अंतर वाढवायला माझ्या गाडीत सोय होती. स्पेसर आतून काढून बाहेर लावले की दीड-दोन इंच वाढतात. ते केलं. त्याहून रुंद करायचं तर पुढचं सगळं सस्पेन्शन बदलावं लागलं असतं. तो खर्च आणि ते वजन मला नको होतं. त्याऐवजी मी स्वे बार बसवला. हा पोलादी दांडा डावी-उजवी बाजू जोडतो. वळणात बाहेरची बाजू दबू लागली की तो पिळला जातो आणि पुन्हा सरळ व्हायचा जोर लावतो, म्हणून गाडीचं अंग कलत नाही. आतली स्की बर्फावर राहण्यात सगळ्यात मोठा फरक याने पडला. डोंगरात जायचं असेल तेव्हा काही नट काढून तो उतरवता येतो. हँडलखालचा उंच ठोकळा काढून बुटका बसवला, कारण वाटेवर बसूनच चालवायचं असतं. हँडल खाली आलं की वायरी आणि ब्रेकची नळी सैल पडते. ती नीट बांधून, हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून काही अडकत नाही ना हे पाहायचं. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि ते टाळायचं नाही.

आता उष्णतेचं. या गाडीला मोटारीसारखा पुढे रेडिएटर नसतो. पट्ट्याच्या वरच्या बोगद्यात कूलर असतात, आणि पट्ट्याने उडवलेला बर्फ त्यावर आदळून इंजिनाचं पाणी थंड होतं. डोंगरात बर्फाची कमतरता नसते, म्हणून वजन वाचवायला तिथल्या गाड्यांत कूलर लहान ठेवलेले असतात. कडक वाटेवर बर्फ उडतच नाही आणि तापमानाचा दिवा लागतो. शिवाय पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो त्यांनाही बर्फाचंच वंगण लागतं; ते नसेल तर त्या वितळतात. यावर उपाय साधा आहे. दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या पोलादाचे आकडे लावायचे. ते वाटेवर खरवडत जातात, बर्फाचा चुरा उडवतात आणि तो पट्ट्यात आणि कूलरवर जातो. माझे आकडे मागे जाताना वाकतील असे आहेत, म्हणून गाडी मागे घेण्याआधी ते वर अडकवायचे. जोडीला पट्ट्याच्या आत दोन जादा चाकं बसवली, त्यामुळे प्लॅस्टिकवरचा भार कमी झाला.

इंजिनाचं म्हणाल तर उंचीवर हवा विरळ असते. दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद कमी होते, म्हणजे दहा हजार फुटांवर जवळजवळ तीस टक्के. खाली आल्यावर ती ताकद परत मिळते. इंधन किती सोडायचं ते सेन्सर बघून घेतो. पण क्लच यांत्रिक असतो. तो आपोआप गिअर बदलतो, आणि कधी बदलायचा ते त्यातली छोटी वजनं ठरवतात. उंचीवरची हलकी वजनं खाली तशीच ठेवली तर इंजिन ठरलेल्या फेऱ्यांच्या वर पळतं. पुस्तिकेत उंचीप्रमाणे तक्ता असतो. त्याप्रमाणे जड वजनं घातली. आठव्या इयत्तेत अपकेंद्री बलाला "हे कुठे लागणार आहे?" म्हणणाऱ्या बाकावर मीही बसायचे. तर सर, ते इथे लागलं.

शेवटचा प्रश्न पट्ट्याचा. अडीच इंचांचे दात कडक वाटेवर वाकतात, तापतात, आणि वेगात फार वेळ चालवलं तर फाटून निघू शकतात. पहिला हिवाळा मी तोच पट्टा वेग कमी ठेवून वापरला. दुसऱ्या वर्षी त्याच लांबीचा, पण पावणेदोन इंच दातांचा पट्टा घेतला. लांबी कमी केली नाही. लांब पट्ट्याने गाडी वळायला थोडी जड राहते, पण दुपारनंतर वाट खडबडीत झाली की तोच पट्टा खड्ड्यांवरून पुलासारखा जातो. आखूड पट्ट्याची गाडी जिथे आपटते तिथे ही तरंगते. गाडीचा जो स्वभाव उपयोगाचा आहे तो कशाला घालवायचा?

एक बदल मी केला नाही. बाजारात मोठा आवाज करणारे सायलेन्सर मिळतात. मगाशी म्हटलं, वाट शेतकऱ्याच्या जमिनीतून जाते. रात्री अकरा वाजता त्याच्या घराजवळून गर्जना करत चार गाड्या गेल्या, तर पुढच्या वर्षी तो कुंपण घालतो, आणि वाट सगळ्यांची बंद होते. आपल्या गाडीतला बदल आपल्या गाडीपुरता राहिला पाहिजे.

इतकं सगळं करून ती वाटेवरची गाडी झाली का? नाही झाली. मुलीची छोटी गाडी वळणात अजूनही माझ्यापेक्षा चपळ आहे आणि ती मला ते ऐकवते. ज्याला फक्त वाटेवरच जायचं आहे त्याने वाटेचीच गाडी घ्यावी. या सगळ्या सामानाच्या पैशात जुनी चांगली गाडी मिळण्याच्या जवळ माणूस पोचतो. पण माझी गाडी आता माझ्या बाजूला राहते. वळणात आतली स्की खाली असते, हँडल सांगेल तिकडे नाक जातं, दिवा लागत नाही. आणि मार्चमध्ये डोंगरात जायचं ठरलं की एका शनिवारात खोक्यातले भाग परत चढतात. गेल्या वेळी ते काम मुलीने केलं, वही समोर ठेवून. मी फक्त बोल्टचे ताण तपासले.

आपणही इथून निघून वेगवेगळ्या जमिनींवर गेलो. कुणी पुण्यात, कुणी दुबईत, कुणी याच गावात शेती आणि दुकान सांभाळलं. प्रत्येकाने स्वतःत थोडे पाने फिरवले असतील. त्यावर मी जास्त बोलत नाही. आपल्या मराठीच्या बाईंनी शिकवलंय की उपमा ताणली की तुटते.

आता माझी सूचना. मी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकले, पण हातात पाना पहिल्यांदा इथे धरला, कार्यानुभवाच्या तासाला. सरांनी एक बंद पडलेला स्टोव्ह आणि एक सायकल वर्गात आणली होती आणि एवढंच सांगितलं होतं, "खोला, पण कुठला भाग कुठून निघाला ते लिहा." माझी वही, चिठ्ठ्या लावलेली खोकी, एका वेळी एक बदल, हे सगळं त्या एका वाक्यातून आलं आहे. शाळेला स्मार्ट बोर्ड मिळाले आहेत आणि संगणकही आहेत, ते चांगलंच आहे. आपण या वेळी एक काम करायची खोली द्यावी. एक मजबूत टेबल, एक व्हाइस, पान्यांचे दोन संच, मल्टिमीटर, आणि भंगारातून आणलेलं एक दुचाकीचं इंजिन. ते मुलामुलींनी खोलावं आणि जोडावं. मुलींनी विशेषतः. आमच्या वर्गात सायकल खोलायची पाळी मुलींची यायच्या आतच तास संपायचा, हे इथल्या मैत्रिणींना आठवत असेल. यादी मी करून आणली आहे. पान्यांचे दोन संच माझ्याकडून. उरलेलं आपण सगळ्यांनी मिळून बघू या.

सरांना आणि बाईंना नमस्कार. आणि ज्यांना ती गाडी चालवून पाहायची आहे त्यांनी जानेवारीत यावं. हेल्मेट देईन, जेवायला घालीन, पण आधी बंपर उचलून मोजावं लागेल, वजनासकट.